बर्फावरचं घराणं

फेब्रुवारी १९९२. फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिदोरी इतो अंतिम फेरीसाठी, म्हणजे फ्री स्केटसाठी, बर्फावर उतरली तेव्हा ती चौथ्या क्रमांकावर होती. सुवर्णपदक तिचंच, असं साऱ्या जपाननं गृहीत धरलं होतं आणि पहिल्याच फेरीत ती पडली होती. फ्री स्केटमध्ये सुरुवातीलाच तिनं आपली हुकमी उडी घेतली, ट्रिपल ॲक्सल, आणि पुन्हा बर्फावर आपटली. अशा वेळी खेळाडू धोका टाळतात, उरलेल्या उड्या सांभाळून करतात आणि पदरात पडेल ते घेतात. इतोनं बराचसा कार्यक्रम पार पडल्यावर, पाय दमलेले असताना, तीच उडी परत घेतली. या वेळी ती सरळ उतरली. ऑलिंपिकमध्ये ट्रिपल ॲक्सल यशस्वी करणारी ती पहिली स्त्री. तिला रौप्यपदक मिळालं, आणि सुवर्ण आणता आलं नाही म्हणून तिनं देशाची माफी मागितली.

ती माफी आजही मला अस्वस्थ करते. पण जपानच्या फिगर स्केटिंगची गोष्ट तिथूनच सांगायला हवी, कारण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत जे घडलं त्याची सगळी बीजं त्या एका दुसऱ्या प्रयत्नात आहेत.

आधी ती उडी समजून घेऊ. स्केटच्या बुटाखालचं पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद असतं. त्याच्या मधोमध उभी खोबण असते, त्यामुळे त्याला दोन धारा होतात, आतली आणि बाहेरची. खेळाडू बहुतेक वेळ यांपैकी एकाच धारेवर तोललेला असतो. फिगर स्केटिंगच्या बाकी सगळ्या उड्या मागे सरकत घेतात. ॲक्सल ही एकच उडी पुढे तोंड करून घ्यायची. उतरायचं मात्र सगळ्यांसारखंच, पाठमोरं. त्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी जास्तीची येते. ट्रिपल ॲक्सल म्हणजे हवेत साडेतीन गिरक्या, त्याही पाऊण सेकंदापेक्षा कमी वेळात, आणि मग सगळा भार त्या एका धारेवर घेऊन काही झालंच नाही अशा थाटात घसरत पुढे जायचं. इतोची उंची एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर. १९८८ मध्ये स्पर्धेत ही उडी यशस्वी करणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जगज्जेती झाली. फिगर स्केटिंगचं जागतिक विजेतेपद आशियाकडे आलं ते तेव्हा पहिल्यांदा.

इतो नागोयाची. तिच्या गुरू माचिको यामादा, त्याही नागोयाच्या. घरची परिस्थिती बिघडल्यावर लहानगी मिदोरी यामादांच्याच घरी राहायला गेली. तिथंच जेवणखाण, तिथंच शाळेची तयारी आणि पहाटेपासून रिंक. आपल्याकडे गायनाच्या घराण्यांत शिष्य गुरूच्या घरी राहून तालीम घेत, तेच हे. म्हणून घराणं हा शब्द मी इथं विचार करून वापरते आहे. घराण्याची खूण असते ती त्याच्या खास चिजेत, आणि यामादांच्या घराण्याची चीज ट्रिपल ॲक्सल. इतोनंतर २००२ मध्ये त्यांच्या युकारी नाकानोनं ती स्पर्धेत करून दाखवली आणि त्यानंतर माओ असादानं. एकाच शिक्षिकेच्या हाताखालून, एकाच शहरातून. त्या काळात ही उडी साधलेल्या स्त्रिया जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

नागोयातल्या ओसू भागात, देवळाच्या आणि बाजाराच्या गजबजाटात एक जुनं रिंक आहे. या घराण्याच्या कितीतरी खेळाडूंनी तिथं बर्फावर पहिलं पाऊल टाकलं. पाच वर्षांचा शोमा उनो तिथं नुसता खेळायला गेला होता. तिथं सराव करणाऱ्या एका मुलीनं त्याला म्हटलं, फिगर स्केटिंग करून बघ की. ती मुलगी माओ असादा. उनोनं मग यामादा आणि त्यांची शिष्या मिहोको हिगुची यांच्याकडे धडे घेतले. २०१६ मध्ये क्वाड फ्लिप, म्हणजे चार गिरक्यांची फ्लिप, स्पर्धेत अधिकृतपणे नोंदवणारा तो पहिला खेळाडू झाला. पुढे ऑलिंपिकमध्ये त्यानं प्योंगचांगला रौप्य आणि बीजिंगला कांस्य मिळवलं आणि २०२२ व २०२३ मध्ये तो जगज्जेता झाला.

माओ असादाबद्दल लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकला तिनं एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल केल्या आणि तरी रौप्य मिळालं. चार वर्षांनी सोचीला शॉर्ट प्रोग्राममध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, सगळंच बिनसलं आणि ती सोळाव्या क्रमांकावर फेकली गेली. पदकाची आशा संपली होती. दुसऱ्या दिवशी निळ्या पोशाखात ती बर्फावर आली, राखमानिनॉफचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो सुरू झाला आणि तिनं पहिलीच उडी ट्रिपल ॲक्सल घेतली. ती साधली. मग एकेक करत सगळ्या. संगीत थांबलं तेव्हा तिनं मान वर केली, तिचा चेहरा रडण्यानं वेडावाकडा झाला आणि लगेच प्रेक्षकांकडे वळून ती हसली. १४२.७१ गुण, तिच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम फ्री स्केट. एकूण क्रमांक सहावा. जपानमध्ये आजही लोक सोची म्हटलं की पदकविजेत्यांच्या आधी त्या चार मिनिटांबद्दल बोलतात, आणि मला ते योग्यच वाटतं.

या कथेतलं दुसरं मोठं शहर सेंदाई. तिथल्या जुन्या किल्ल्यालगत गोशिकिनुमा नावाचं एक तळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्यार्थी त्याच्या गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग शिकले, म्हणून जपानी फिगर स्केटिंगचं जन्मस्थान म्हणून त्याची ओळख आहे. शिझुका अराकावा याच शहरात वाढली. २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये जपानला एकच पदक मिळालं, ते तिचं सुवर्ण. पण ती जिथं घडली ते रिंक त्याआधीच, २००४ च्या अखेरीस, बंद पडलं होतं. चालवणाऱ्यांना ते परवडत नव्हतं. सुवर्णपदक घेऊन परतलेल्या अराकावानं रिंकसाठी शब्द टाकला आणि २००७ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात सरावाच्या जागेसाठी वणवण करणाऱ्या मुलांमध्ये एक होता युझुरु हान्यू.

११ मार्च २०११ च्या दुपारी सोळा वर्षांचा हान्यू याच रिंकवर सराव करत होता. भूकंपाचा धक्का बसला, बर्फ हलू लागलं आणि तो स्केट घालूनच बाहेर पळाला. पुढचे काही दिवस कुटुंबासह निवारा केंद्रात काढले. रिंक दुरुस्त होईपर्यंत तो ठिकठिकाणच्या आइस शोमध्ये भाग घेत राहिला, कारण सरावाला बर्फ मिळवण्याचा तोच एक मार्ग उरला होता. तीन वर्षांनी सोचीला त्यानं सुवर्ण जिंकलं, २०१८ मध्ये प्योंगचांगला पुन्हा. पुरुषांत लागोपाठ दोन सुवर्णं याआधी जिंकली होती अमेरिकेच्या डिक बटननं, १९४८ आणि १९५२ मध्ये. सेंदाईचं ते रिंक चालू राहावं म्हणून हान्यू वर्षानुवर्षं देणग्या देत आला आहे.

रिंकबद्दल एवढं सांगण्याचं कारण आहे. जपानमध्ये रिंकची संख्या जुन्या भरभराटीच्या काळापेक्षा बरीच घटली आहे. बर्फ गोठवून ठेवायला वीज लागते आणि वीज महाग. दिवसा रिंक सर्वांसाठी खुलं असतं. खेळाडूंना ते भाड्यानं घ्यावं लागतं, आणि तेही पहाटे शाळेआधी किंवा रात्री उशिरा. मुलाला झोपेतून उठवून गाडीत घालणारी आई हे जपानी फिगर स्केटिंगमधलं अगदी रोजचं दृश्य आहे.

या टंचाईतून जपानच्या स्केटिंग संघटनेनं एक शहाणपणाची वाट काढली. १९९८ चं ऑलिंपिक नागानोला होणार हे ठरल्यावर तिथल्याच नोबेयामा या उंचावरच्या गावी होतकरू मुलांची निवड शिबिरं सुरू झाली. दर उन्हाळ्यात देशभरातली लहान मुलं तिथं येतात. बर्फावरच्या उड्यांइतकंच धावणं, जमिनीवरून उंच उडणं, नाच आणि अभिनय यांकडेही लक्ष दिलं जातं. अराकावा, असादा, हान्यू सगळे त्या वाटेनं गेले. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तिथं पहिल्यांदा कळतं की आपल्या बरोबरीचे आणखी कितीजण आहेत.

एकेरीत इतकी माणसं घडत असताना जोडी स्केटिंगमध्ये मात्र जपान कायम मागे होता. त्याचंही मूळ रिंकमध्येच आहे. भरलेल्या रिंकवर जोडीदाराला डोक्यावर उचलून वेगानं जाणं म्हणजे सगळ्यांच्या जिवाला घोर. र्‍यूइची किहारा वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर दोन ऑलिंपिक खेळला आणि दोन्ही वेळा यादीच्या तळाशी राहिला. २०१९ मध्ये जोडी फुटल्यावर तो नागोयातल्या एका रिंकवर नोकरी करत होता आणि खेळ सोडायच्या विचारात होता. तेव्हा त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान रिकु मिउरानं आपल्याबरोबर खेळशील का, असं विचारलं. दोघं कॅनडात ब्रूनो मार्कोटकडे शिकायला गेले. २०२३ आणि २०२५ मध्ये ते जगज्जेते झाले.

मग फेब्रुवारी २०२६, मिलानचं ऑलिंपिक. शॉर्ट प्रोग्राममध्ये उचलण्याच्या एका प्रकारात त्यांची पकड चुकली आणि सुवर्णाचे दावेदार पाचव्या क्रमांकावर गेले. किहाराच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. एरवी मोठ्या भावासारखा तिला सावरणारा तो. त्या रात्री मिउरानं त्याला सावरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जी फ्री स्केट केली तिला १५८.१३ गुण मिळाले, जागतिक विक्रम. तिनं त्याच्या हातातून झेप घेतली की ती कुठं उतरणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असावं, असं बघताना वाटत होतं. पाचव्यावरून थेट पहिला क्रमांक आणि जोडी स्केटिंगमधलं जपानचं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण.

मिलानमध्ये जपाननं फिगर स्केटिंगची एकूण सहा पदकं मिळवली. सांघिक रौप्य, जोडीचं सुवर्ण, पुरुषांत युमा कागियामाला रौप्य आणि शुन सातोला कांस्य, स्त्रियांत काओरी साकामोतोला रौप्य आणि आमी नाकाईला कांस्य. वीस वर्षं आधी याच इटलीत, तोरिनोला, सगळ्या जपानी पथकाचं मिळून एक पदक होतं. आइस डान्समध्ये ऑलिंपिकचं किंवा जागतिक स्पर्धेचं पदक मात्र अजून जपानला लाभलेलं नाही, आणि ते इतक्यात येईल असं मला वाटत नाही.

साकामोतोबद्दल थोडं. कोबेची ही मुलगी लहानपणापासून सोनोको नाकानो या कडक शिस्तीच्या शिक्षिकेकडे शिकली. तिच्या भात्यात ना ट्रिपल ॲक्सल, ना चार गिरक्यांची उडी. तरी २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं ती जगज्जेती होती. स्त्रियांत हे आधी साठच्या दशकात अमेरिकेच्या पेगी फ्लेमिंगनं केलं होतं. रशियन मुलींवर बंदी होती म्हणून हे जमलं, असं म्हणणारे आहेत. त्यांनी तिची साधी डबल ॲक्सल एकदा नीट पाहावी. ती ज्या वेगानं उडीत शिरते त्याच वेगानं बाहेर पडते आणि अर्धं रिंक पार करून जाते. बंदीआधी बीजिंगमध्ये रशियन मुलींच्या उड्यांच्या पावसात तिनं याच जोरावर कांस्य मिळवलं होतं. मिलानला तिचं सुवर्ण दोन गुणांहूनही कमी फरकानं हुकलं. हा आपला शेवटचा हंगाम असल्याचं तिनं आधीच जाहीर केलं होतं.

पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर दोन मुलींच्या जन्मतारखांमध्ये आहे. आमी नाकाईचा जन्म एप्रिल २००८ चा, माओ शिमादाचा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला. नव्या नियमानुसार मिलानसाठी १ जुलै २०२५ आधी सतरा वर्षं पूर्ण असणं सक्तीचं होतं. नाकाई त्यात बसली, मिलानच्या शॉर्ट प्रोग्राममध्ये पहिली आली आणि पदक घेऊन परतली. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं ज्युनिअर जगज्जेती ठरलेली शिमादा सहा महिन्यांनी लहान म्हणून घरी राहिली. वयाचा नियम मुलींच्या शरीराच्या भल्यासाठी आहे आणि तो मला मान्य आहे. तरी तिच्यासाठी जीव हळहळला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये टोकियोजवळच्या ताचिकावात माओ असादानं आपल्या नावाचं रिंक सुरू केलं. कोबेत २०२५ पासून वर्षभर चालणारं नवं रिंक आहे. शिमादाच्या आईवडिलांनी लेकीचं नाव माओ ठेवलं ते असादावरूनच. २०३० चं हिवाळी ऑलिंपिक फ्रान्सच्या आल्प्समध्ये होणार आहे. आल्बेरव्हिल त्याच डोंगरांत आहे. शिमादा तेव्हा एकवीस वर्षांची असेल. हे नाव लक्षात ठेवा आणि तिची फ्री स्केट चुकवू नका.