मनाचा कौल कधी मानायचा?

‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातलं दुष्यंताचं एक वचन आपण सुभाषितासारखं वापरतो: शंका आली, तर सज्जनाने मनाचा कौल मानावा. मीमांसक कुमारिल भट्टांनी तर ते धर्मचर्चेत घेतलं. पण राजा हे म्हणतो केव्हा? आश्रमकन्या मनात भरली आहे, आणि क्षत्रियाशी तिचा विवाह होऊ शकेल का, हा प्रश्न आहे. म्हणून काहींना हा सोयीचा युक्तिवाद वाटतो. तरी अंदाज खरा ठरतोच! आता पाचवा अंक पाहू. राजा तिला नाकारतो, आणि शेवटी त्याचंच मन आतून दुखतं. म्हणजे शापाने आठवण पुसली, मनाची साक्ष नाही. आपल्याला वाटतं, वचन खोटं नव्हतं. गरज होती तेव्हा राजानेच ते पाळलं नाही.