कुर्ल्याचा पत्रा

मिस्त्रींनी लोहचुंबक फडक्यात गुंडाळला आणि दारांखालच्या पट्टीवरून पुढून मागे सावकाश फिरवत नेला. पुढच्या दारापाशी तो घट्ट चिकटत होता. मागच्या दाराखाली आला आणि हातातून निसटला. "पत्रा न्हाई साहेब, नुसती लांबी हाय," ते म्हणाले आणि पेचकसाच्या मुठीनं तिथं ठोकलं. दुसऱ्या ठोक्याला बोटभर जाडीचा पोपडा खाली पडला. आतून गंजाचा भुसा सांडला, चहाच्या पावडरीसारखा.

गाडी १९७५ ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती १९८८ मध्ये एका वकिलांकडून सेकंडहँड घेतली. ते गेल्यावर कोल्हापुरात आमच्या घरामागच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. आता तीच शेड तिचा कारखाना झाली आहे. एक लाकडी बाक, त्याला ठोकलेला व्हाइस, पान्यांचा डबा, चार घोड्या, आणि रविवारी सकाळी येणारे मिस्त्री. नातेवाईक विचारतात, हिच्यावर एवढा वेळ कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला कुर्ल्यापर्यंत घेऊन गेलं.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही या देशात बांधली जावीत, हा त्यांचा ध्यास. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये वालचंद गेले. त्याच वर्षी इटलीच्या फियाटनं जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११००/१०३ ही नवी गाडी मांडली. पुढे तीच कुर्ल्यात बनू लागली. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, पाठ गोल, नाकाड फुगीर. मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं, आणि ते नाव इतकं रुळलं की आजही जुने मेकॅनिक दुसरं नाव घेत नाहीत. १९६४ मध्ये सरळ रेषांची ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थोडा काळ ती 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'.

डिलाइटचं मूळ असलेलं ११००-डी हे मॉडेल इटलीत १९६६ मध्येच बंद झालं. आपण ते त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ बनवत राहिलो. याकडे बहुतेक लोक मागासलेपणाची खूण म्हणून बघतात. परवाना राज्यात ग्राहकाला निवड नव्हती, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे खरंच आहे. पण तेवढ्या काळात काचेपासून बुशपर्यंतचे सुटे भाग इथं बनायला लागले, आणि गावोगावी ही गाडी डोळे मिटून खोलणारी माणसं तयार झाली. माझ्या मते पद्मिनीचा खरा वारसा तो आहे. तिचं डिझाइन तुरीनचं, पण तिची दुरुस्ती पूर्णपणे आपली.

कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा ती बघायला लोक रस्त्याच्या कडेला दाटी करतात. राजघराण्यांच्या गाड्या जपल्या गेल्या, कारण त्यांच्यामागे वाडा होता, चालक होता, खर्चायला पैसा होता. पद्मिनीमागे होते शिक्षक, डॉक्टर, वकील आणि टॅक्सीवाले. जिचं काही विशेष वाटत नाही ती वस्तू पहिल्यांदा भंगारात जाते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. आणि लगोलग २०२४ मध्ये, 'पद्मिनी' हे नाव घेऊन आलेल्या पहिल्या गाड्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली.

पन्नास या आकड्याला कायद्यात अर्थ आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात बसते. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. अट एकच आणि कडक: चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे आज एखाद्यानं घरच्या शेडमध्ये ग्राइंडर कुठं चालवला, यावर त्या गाडीला उद्या 'व्हीए' पाटी मिळेल की नाही ते ठरतं.

आता पुन्हा त्या पट्टीकडे. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा कणा होतो. त्या पट्ट्या कुजल्या की गाडी मधोमध वाकायला लागते. पहिली खूण दारात दिसते: वरची फट अरुंद होते, दार उचलून लावावं लागतं. बरेच जण दाराच्या बिजागऱ्या ठोकतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. कुजका भाग कापण्याआधी गाडी चारही बाजूंनी समान आधारावर घ्यायची, दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल टाके मारून बसवायचे आणि एका वेळी एकच बाजू कापायची. आम्ही प्रत्येक टाक्यानंतर दार लावून बघत होतो. दोन फुटांच्या पट्टीला सहा रविवार गेले. मला त्यातला एकही वाया गेला असं वाटत नाही.

लहान भागांचा गंज काढायला घरात जमणारी उत्तम रीत विजेची आहे. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. रात्रभरात तांबडा गंज काळा पडून सुटतो आणि ब्रशनं निघतो. ॲसिड चांगलं लोखंडही खातं, या रीतीत ते शाबूत राहतं. दोन गोष्टी मात्र जिवाशी गाठ आहेत. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवायचं आणि जवळ विडीसुद्धा पेटवायची नाही. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. भाग बाहेर काढला की लगेच सुकवून प्रायमर, नाहीतर तासाभरात त्यावर पुन्हा तांबूस छटा येते.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही वेगवेगळ्या मापानं फुगतात, म्हणून हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच आवळायचे. आमच्या हेडमधल्या पाण्याच्या वाटा चुन्यासारख्या पांढऱ्या थरानं निम्म्या बुजल्या होत्या; वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नळाचं पाणी, कूलंट कधीच नाही. हेड किंचित वाकलं होतं. कोल्हापूरच्याच शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात त्याचं फेसिंग झालं. तिथंच शेजारी किंगपिनची बुशं वळून मिळाली, जुनं बुश नमुन्याला ठेवून, अर्ध्या दिवसात. जिथं ऑइल इंजिनांचे भाग ओतले आणि कातले जातात त्या गावात पद्मिनीचा भाग 'मिळत नाही' असं सहसा होत नाही. तो बनतो.

बदल करावेत की नाहीत, यावर जुन्या गाड्यांच्या मंडळींत जोरात वाद होतात. माझं मत सोपं आहे: जो बदल चार बोल्ट काढून मागे नेता येतो तो करावा, ज्यासाठी पत्रा कापावा लागतो तो करू नये. हेडलाइटचा सगळा प्रवाह मूळ रचनेत स्विचमधून जातो, स्विच तापतो. तिथं रिले बसवला. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला, डायनॅमो तेल लावून कपाटात ठेवला. सीटबेल्ट लावले. प्रीमियरच्याच ११८-एनईचं निसानचं इंजिन आणि गिअरबॉक्स पद्मिनीत बसवणारे अनेक आहेत. गाडी पळते छान, पण स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जातो, आणि तो गेला की चालवण्यातली पद्मिनी निम्मी संपते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: कंपनीच्या मूळ तपशिलात मालकाला मनाजोगता फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी हवी.

एक बदल मात्र आता टाळताच येत नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, टाकीच्या तळाचा चिकटा सोडवून कार्ब्युरेटरकडे पाठवतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यानं मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घेतले, मेन जेट एक माप मोठा केला. जुनी नळी गरम इंजिनावर ठिबकली तर गाडी पेटते. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी रंगाचा विचार नंतर करावा, आधी या नळ्या बदलाव्यात.

रंग काढताना डिकीच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिगळ सापडलं. तळहाताएवढा पत्रा, गॅसवर पितळेनं जोडलेला, कडा इतक्या एकसारख्या की बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. ते काढून मूळ आकाराचा नवा तुकडा लावू, असं मी म्हटलं. मिस्त्री गुडघ्यावर बसले, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. "जुन्या मानसाचं काम हाय ओ हे," ते म्हणाले. "चाळीस वर्सं झाली असतील, पानी आलं न्हाई. कशाला मोडायचं?"

कामाची एक वही आम्ही ठेवतो. कुठला बोल्ट कुठला, काय कापलं, काय बदललं, कपाटात काय ठेवलं. त्या रविवारची नोंद अशी: डिकी, डावा कोपरा. पितळी जोडाचं जुनं ठिगळ. तसंच ठेवलं.