न पाहता मोजलेला वेग

ताऱ्याच्या स्फोटातून निघालेली आघात-लाट प्रकाशाच्या ८५ टक्के वेगाने धावली, असे वाचले की वाटते, कुणीतरी तिला धावताना पाहिले असणार. पाहिले कुणीच नाही. मार्च २००९मध्ये सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ३२७८ या दीर्घिकेत एसएन २००९बीबी हा अतिनवतारा उजळला. अमेरिकेतील व्हीएलए आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींनी त्याचा पाठपुरावा केला. हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे अलक रे होते. निष्कर्ष २०१०मध्ये ‘नेचर’मध्ये आले. स्फोटानंतर सुमारे २० दिवसांनी लाटेची त्रिज्या ४४ हजार कोटी किलोमीटर. दिवसांनी भागले की ८५ टक्के. पण इतक्या दूरवरून ही त्रिज्या जीएमआरटीच्या नजरेच्या मर्यादेहून हजारो पटींनी सूक्ष्म आहे. म्हणजे ८५ हा आकडा हिशेबाचा आहे, आणि हिशेबाचा आहे म्हणूनच मला तो भरवशाचा वाटतो.

खोडदच्या कामात नाट्य जवळजवळ नसते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांतून आलेला संदेश माहीत असलेल्या रेडिओ-स्रोतांशी ताडून घ्यायचा, माणसांच्या यंत्रांचा गोंगाट त्यातून वेचून टाकायचा, आणि शेवटी उरते ते एवढेच की अमुक दिवशी, अमुक तरंगलांबीला, इतके तेज. हे किचकट काम बातमीत कधी येत नाही. येते ते चित्रकाराने रंगवलेल्या ज्वाळांचे चित्र. खरे तर सगळे बळ त्या रुक्ष तक्त्यात आहे. लाट ताऱ्याने आधीच सोडलेल्या वायूवर आदळते, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. सुरुवातीला इलेक्ट्रॉनांचा हा ढग स्वतःच्याच लहरी गिळतो. आखूड लहरी आधी सुटतात, लांब लहरी नंतर. ज्या क्षणी तेज शिखर गाठते, त्या क्षणी पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा किती उजळ असू शकतो याला भौतिकशास्त्राने मर्यादा घातलेली असते. कळवणच्या शेतकऱ्याला कांद्याच्या चाळीतून किती क्विंटल माल निघाला एवढे सांगितले, तरी तो तिची लांबी सांगेल, कारण फुटामागे किती माल बसतो हे त्याला ठाऊक असते. इथेही एकूण तेजावरून पृष्ठभाग, आणि पृष्ठभागावरून त्रिज्या.

यावर रास्त आक्षेप असा की ‘फुटामागचा माल’ इथे गृहीत धरलेला आहे: ऊर्जेतला किती वाटा इलेक्ट्रॉनांना आणि किती चुंबकीय क्षेत्राला, हे कुणी मोजले? कुणीच नाही. पण या दोन वाट्यांच्या गुणोत्तराचा त्रिज्येवरचा परिणाम एकोणिसाव्या मुळाने होतो. गुणोत्तर दहापट चुकले तरी त्रिज्या साधारण १३ टक्क्यांनीच हलते. साध्या अतिनवताऱ्याचा बहुतेक मलबा सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या तीन-चार टक्के वेगाने जातो. तेरा टक्क्यांच्या चुकीने ८५चे तीन होत नाहीत. दुसरा आक्षेप, की थेट पाहिलेले ते खरे. २०१७मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली, तेव्हा खंडभर पसरलेल्या दुर्बिणी जोडून झोताचे सरकणे खरोखर पाहिले गेले, आणि वेग दिसला प्रकाशाच्या चौपट! झोत जवळपास आपल्या रोखाने येत होता. स्वतःच्याच प्रकाशाच्या पाठोपाठ धावल्याने त्याला लागलेला काळ आपल्याला आखडलेला दिसतो. तो कोन हिशेबात घेतल्यावरच वेग प्रकाशाच्या आत आला. म्हणजे पाहिले तरी हिशेब टळत नाही.

उरतो सर्वांत अवघड प्रश्न: एवढी ऊर्जा आली कुठून? ८५ टक्के वेगाला दर किलोमागे लागणारी गतिज ऊर्जा त्या किलोच्या संपूर्ण वस्तुमानात कोंडलेल्या ऊर्जेच्या सुमारे नव्वद टक्के असते. ताऱ्याच्या गाभ्याच्या नुसत्या कोसळण्यातून ती एवढ्या द्रव्याला मिळणे कठीण, म्हणून गाभ्यात नवजात कृष्णविवरासारखे काहीतरी इंजिन मानावे लागते. अशा इंजिनाची ओळख म्हणजे गॅमा किरणांचा स्फोट, आणि एसएन २००९बीबीच्या वेळी तो कुणालाही सापडला नाही. संशयखोर इथे बोट ठेवतील. पण गॅमा झोत अरुंद असतो, त्याचा रोख चुकला की उपग्रहाला काही कळत नाही, आणि झोत कमजोर असेल तर तो ताऱ्यातच विरूनही जातो. मंदावलेल्या लाटेच्या रेडिओ लहरी मात्र सगळीकडे जातात; झोत कुठेही वळलेला असो, खोडदच्या तक्त्यात त्यांची नोंद होऊ शकते.