धुणेवालींच्या वाटेने रेक्याविक

परदेश म्हटला की डोळ्यांपुढे उंच इमारती आणि धावत्या मोटारी येतात. आइसलँडची राजधानी रेक्याविक मात्र पायी पाहण्याचे शहर आहे. वस्ती दीड लाखाच्या आत. पुतणीच्या नोकरीमुळे आम्हाला तेथे जाता आले. टॅक्सी परवडणारी नव्हती, म्हणून सारे शहर पायीच हिंडलो आणि तेच बरे झाले.

सुरुवात लायक्यारतोर्ग चौकातून केली. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडच्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी कचेरीतले, कारखान्यातले आणि घरातलेही काम एक दिवस बंद ठेवले. या चौकात हजारो बायका जमल्या. बापांना पोरे घेऊन कामावर जावे लागले! पुढे १९८० साली विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांनी मते देऊन निवडलेल्या जगातल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

चौकातून थोडे चढून गेले की लोयगावेगुर हा मुख्य बाजाररस्ता लागतो. पत्र्याची रंगीत घरे, भिंतींवर मोठमोठी चित्रे, पुस्तकांची दुकाने. युनेस्कोने २०११ साली या शहराला 'साहित्यनगरी' म्हटले आहे. उजवीकडे टेकडीवर ७४.५ मीटर उंचीचे हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्च दिसते. डावीकडे समुद्रकाठी यॉन गुन्नार आर्नासन यांचे नावेसारखे पोलादी शिल्प आहे.

पण आम्हाला खरी ओढ लागली ती रस्त्याच्या नावाची. लोयगावेगुर म्हणजे गरम झऱ्यांचा रस्ता. पूर्वी गावातल्या मोलकरणी आणि धुणेवाल्या पाठीवर कपड्यांचा बोजा घेऊन, बर्फावाऱ्यातून सुमारे तीन किलोमीटर चालत त्या झऱ्यांवर जात. त्यांची वाट सोपी व्हावी म्हणून १८८५ साली नगरपालिकेने हा रस्ता बांधायचे ठरवले. पाणी उकळते, त्यात पडून काही बायकांचा जीव गेला. तेव्हा १९०२ साली झऱ्यावर लोखंडी कमानी बसवल्या.

आम्ही त्याच वाटेने झऱ्यापर्यंत गेलो. कमानी अजून उभ्या आहेत. जवळच आउस्मुंडुर स्वेन्सन यांनी घडवलेला धुणेवालीचा पुतळा आहे. राजाचा नव्हे, सेनापतीचा नव्हे, धुणेवालीचा! येथलेच गरम पाणी १९३० साली नळाने एका शाळेत आणि काही घरांत नेले. आज जवळजवळ सारे शहर जमिनीतल्या उष्णतेवर ऊब घेते.

त्या पुतळ्यापुढे उभे असताना आमची आजी आठवली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून आपली माणसे महाडच्या चवदार तळ्याकडे पायीच गेली. ती वाट आपल्या पोरांना पाठ आहे, असायलाच हवी. पण घागर घेऊन दूरवर तिष्ठत राहिलेल्या आपापल्या आजीची वाट कोणाला ठाऊक आहे?

वाचकहो, घरात म्हातारे माणूस असेल तर येत्या रविवारी मुलांना त्याच्यापाशी बसवा. पाण्याला कोणत्या वाटेने जात होता, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तेथल्या लोकांनी धुणेवालींची वाट विसरू दिली नाही. आपल्या आयाबायांची वाट आपणच जपायची आहे.