हलगी शाळेतही वाजू द्या

चैत्र-वैशाखात भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या यात्रेचे हँडबिल हातात घ्या. यात्रा असो की उरूस, कुस्त्यांचा मजकूर ठरलेला असतो. अमुक पैलवान, गाव अमुक, तालीम अमुक, वस्ताद अमुक, विरुद्ध तमुक. खाली इनामाची रक्कम आणि ती देणाऱ्याचे नाव. फडात हलगी कडाडण्याआधीच आसपासच्या गावांना जोड ठाऊक झालेली असते. रेवड्यांवर लढणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराचेही नाव-गाव लाऊडस्पीकरवरून पुकारले जाते.

आता शालेय कुस्तीची सूचना पाहा. शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर एक ओळ: ‘तालुकास्तर कुस्ती, उद्या सकाळी 9, खेळाडूंनी ओळखपत्र आणावे.’ बस्स. मुले पावसात एस. टी. पकडून जातात, लढतात, संध्याकाळी परत येतात. घरी कोणी विचारले तर सांगतात, नाहीतर तेही नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच तालुक्याला पहिली आली. तिच्या वडिलांचे महामार्गाला लागून छोटे गॅरेज आहे. त्यांना ही बातमी तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईकाकडून कळली. ते शाळेत आले, रागावले मात्र नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, आधी कळवलं असतं तर गॅरेज बंद ठेवून आलो असतो. पोरगी कशी लढते, ते मी अजून पाहिलंच नाही.” आमच्याकडे उत्तर नव्हते. तिच्या दादीचा कुस्तीला विरोध होता, हे आम्ही ऐकून होतो. पण जे कधी डोळ्यांनी पाहिलेच नाही, त्याला त्या माउलीने होकार तरी कशाच्या बळावर द्यावा? नववी-दहावीत मुले आखाडा सोडतात, तेव्हा आपण अभ्यासाला दोष देतो. घरातल्या कोणीच कधी कुस्ती पाहिलेली नसते, हेही एक कारण असते.

चूक आमचीही आहे. पूर्वी आम्ही वर्तमानपत्राला बातमी पाठवायचो ती अशी: ‘आमच्या विद्यालयाचे घवघवीत यश.’ मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, मार्गदर्शक, सगळ्यांची नावे. मुलांची नावे शेवटच्या ओळीत. जागा कमी पडली की छापताना तीच ओळ उडायची. आता आम्ही पहिल्याच वाक्यात मुलाचे नाव, गाव, वजनगट आणि कोणाला किती गुणांनी हरवले ते लिहितो. आडनाव नीट अक्षरांत लिहून, फोनवरून पुन्हा वाचून दाखवतो. शेखचा सय्यद झालेला आम्ही पाहिला आहे. मुलीचा फोटो मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय देत नाही. काही घरांना तो नको असतो. मग नाव आणि गुण पुरतात.

दुसरी अडचण समजण्याची आहे. यात्रेची कुस्ती मातीवर, पाठ टेकली की निकाल. शाळेची मॅटवर, गुणांवर. खाली घेऊन ताबा मिळवला की 2 गुण, पाठ मॅटकडे वळवली की 2, रिंगणाबाहेर काढले की 1. फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती तिथेच थांबवतात. चितपट पाहायला आलेल्या गावकऱ्याला वाटते, हे काय, पोरगा पडलाच नाही आणि हरला कसा? हे समजावणारा एक माणूस माइकवर हवा. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी कुस्ती जिवंत ठेवली ती याच बळावर: पैलवानाचे गाव, घराणे, डाव, सगळे ते बोलून दाखवतात. शाळेत हे काम मराठीच्या शिक्षकाला जमेल. आम्ही करून पाहिले, घसा बसला, पण जमले.

आपल्या घरांत सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या शेख घरातल्या तीन भावांनी महाराष्ट्र केसरीची गदा आणली: इस्माईल यांनी 1980 साली, आप्पालाल यांनी 1992 साली आणि मुन्नालाल यांनी 2002 साली. आमच्या वर्गात किती मुलांना हे माहीत आहे म्हणून विचारले, तर दोन हात वर आले. मुलींसाठी महिला महाराष्ट्र केसरी 2023 साली सांगलीत सुरू झाली आणि पहिली मानकरी प्रतीक्षा बागडी ठरली, हे एकालाही ठाऊक नव्हते. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात आणि त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, हे तर पालकांना निकालानंतर कळते. ठरावीक पातळीवर खेळलेल्यांसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के जागा राखीव असतात, हेही घराघरांत पोहोचायला हवे.

नीरेपलीकडे सातारा जिल्हा लागतो. तिथल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले ते वर्गणीच्या पैशांवर. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले होते. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक का निघाली? कोण, कुठे आणि कशासाठी गेला आहे, हे गावाला आधीपासून माहीत होते म्हणून. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन आहे.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग असतात. पालक त्या दिवशी हमखास येतात, आयाही येतात, दादी-नानीही. सिनेमाच्या गाण्यांवर चौदा नाच बसवतो, त्यांतले दोन कमी केले तर काय बिघडेल? आम्ही मुख्याध्यापकांना सांगून टाकले आहे: यंदा क्रीडा दिनालाच गॅदरिंग ठेवायचे आणि त्यात पाच जोडी लावायच्या, दोन मुलींच्या. मॅट शेजारच्या तालमीतून मागून आणायची. हँडबिल यात्रेसारखेच छापायचे, नाव, गाव, इयत्ता, वजनगट आणि इनामासकट. ते एस. टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर आणि जुम्म्याला मशिदीबाहेर वाटायचे.

पहिल्या जोडीचे 101 रुपये इनाम त्या गॅरेजवाल्या अब्बांनी लिहूनही दिले आहे. दादींसाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितली आहे. हलगीवाल्याशी बोलणे तेवढे राहिले आहे.