शेवटचा हौद कुणाच्या मोहल्ल्यात?

उद्योजक हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी गाडी आणि काचेची कचेरी उभी राहते. आमच्या शहराने तर या चित्राला आणखी रंग भरला. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. बातमी देशभर गाजली. लोकांनी गाड्या मोजल्या. मला मात्र त्या खरेदीतली दुसरी गोष्ट लक्षात राहिली. एकट्यादुकट्याने जाऊन जो भाव मिळाला नसता, तो दीडशे जणांनी मिळून मिळवला. कुणीतरी पुढाकार घेतला, सगळ्यांना एका ठिकाणी बसवलं आणि कंपनीशी, बँकेशी बोलणी केली.

ही झाली ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांची गोष्ट. ज्याच्या गाठीला फक्त हुन्नर आहे, त्याचं काय?

मी पडेगावात राहतो. छावणी मागे टाकून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की आमची वस्ती येते. सकाळी कंपनीच्या बस येतात, डबे घेतलेली माणसं त्यांत चढतात. त्यांत कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी वेल्डर. घरोघरी बायका शिवणयंत्रावर बसलेल्या असतात. हाताला कसब आहे आणि कष्टाची सवय आहे. पण वीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर काढलेला माणूस स्वतःची छोटी शेड टाकायचं म्हणतो, तेव्हा तीन ठिकाणी अडतो. चांगलं यंत्र परवडत नाही. केलेला माल अचूक आहे हे सिद्ध करता येत नाही. आणि बँक विचारते, उत्पन्नाचा पुरावा काय?

मंडळी, या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आमच्याच मातीत पुरलेलं आहे. मलिक अंबर हा हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१०मध्ये त्याने खडकी हे शहर वसवलं. तेच आजचं आमचं शहर. शहर वसवलं, पण पाण्याचं काय? त्याने १६१७च्या सुमाराला नहर बांधली, नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारं पाणी त्याने भुयारी पाटात गोळा केलं आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. वाटेत मनोरे उभारले. पाणी त्यांत वर चढे, कोंडलेली हवा सुटे, दाब सांभाळला जाई. इंजिन नाही, वीज नाही. याच शास्त्रावर पुढे आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकात पाणचक्कीच्या नहरीने तर दगडी जातं फिरवलं.

पण मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती शेवटच्या टप्प्याची. हे पाणी फक्त महालाच्या कारंज्यात जाऊन थांबलं नाही, ते मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत उतरलं. सूत रंगवणाऱ्याला पाणी लागतं, कातडं कमावणाऱ्याला लागतं, कागद करणाऱ्याला लागतं. यांतला कुणीही स्वतःच्या खर्चाने डोंगरातून पाणी आणू शकला नसता. पण एकदा हौद भरला की पुढचा धंदा त्याचा तो करू शकत होता.

आजचे हौद वेगळे आहेत. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, तीच आपली एमआयडीसी. १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. मोठा कारखाना गाडीचा प्रत्येक सुटा भाग स्वतः करत नाही. तो बाहेरून करवून घेतो, आणि म्हणून त्याच्याभोवती लहान कारखान्यांची वस्ती वाढते. पण भाग करणाऱ्याला मापात केसाइतकाही फरक चालत नाही. ते माप तपासणारं यंत्र कधीकधी अख्ख्या शेडपेक्षा महाग असतं. म्हणून चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूलरूम मला मोलाची वाटते. भारत आणि जर्मनीच्या सहकार्यातून ती उभी राहिली. तिथे डाय आणि साचे होतात, मुलांना ते करायला शिकवतात. वाळूजचा मराठवाडा ऑटो क्लस्टरही तसाच. एकट्याला न परवडणारी तपासणीची सोय तिथे सगळ्यांसाठी मिळून उभी केली आहे. लहान उद्योजकाने यंत्र विकत घ्यायचं नाही, कामापुरतं वापरायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. हा आजचा हौद.

जगात इतरत्रही हेच दिसतं. बांगलादेशात १९९७पासून ग्रामीण बँकेच्या योजनेतून खेड्यातल्या बायकांनी कर्जाने मोबाइल घेतले आणि गावाला फोन करायची सोय देऊन त्यावर कमाई केली. केनियात २००७मध्ये एम-पेसा आलं. साध्या फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले आणि कोपऱ्यावरचा दुकानदार त्याचा एजंट झाला. आपल्याकडे २०१६मध्ये यूपीआय आलं. भाजीच्या गाड्यावर लटकणारा तो काळा-पांढरा चौकोन आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याने सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की गाडेवाल्याच्या रोजच्या विक्रीची नोंद राहू लागली. ज्याच्याकडे कागद नव्हता, त्याच्या बाजूने त्याचं खातंच साक्ष देऊ लागलं. २०२०मध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. तेव्हा पहिल्या वेळी विनातारण दहा हजार रुपये मिळत, वेळेवर फेडले तर पुढे जास्त, आणि डिजिटल व्यवहार करणाऱ्याला वर थोडा परतावा. रक्कम लहान आहे, पण सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ही वाट बरी.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून एक शब्द उलगडून बघतो. ‘पुढारी’ म्हणजे जो पुढे असतो. ‘नेता’ हा शब्द मात्र ‘नेणे’ या क्रियापदाच्या घराण्यातला. नेता म्हणजे जो आपल्याबरोबर नेतो. तंत्रज्ञान पुढाऱ्याच्या हाती पडलं तर त्याचं उद्घाटन होतं. नेत्याच्या हाती पडलं तर ते कुणाच्या तरी उंबऱ्यापर्यंत पोहोचतं.

आणि उंबरा म्हटला की मला आमच्या शिवणाऱ्या बायका आठवतात. कपडा त्या शिवतात, पण बऱ्याचदा फोन मुलाच्या हातात असतो आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात पडतात. मग विक्रीची नोंद कुणाच्या नावावर राहिली? उद्या कर्ज मागायचं झालं तर साक्ष कुणाच्या बाजूने? तिचं खातं तिच्या नावावर आणि फोन तिच्या हातात नसेल, तर तिच्या दारावरून नहर गेली खरी, पण घागर रिकामीच राहिली.

अंबरची नहर पुढे ठिकठिकाणी बुजली. वर घरं झाली, रस्ते झाले, गाळ कुणी काढेना. टूलरूम असो, क्लस्टर असो की मोबाइलवरचं अ‍ॅप असो, आणणाऱ्याइतकाच त्यातला गाळ काढणारा माणूस मोठा असतो. तेव्हा यापुढे कुणी नवं यंत्र, नवी योजना घेऊन आलं, तर टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण एक साधा प्रश्नही विचारावा. यातला शेवटचा हौद कुणाच्या मोहल्ल्यात आहे, आणि त्याचा गाळ कोण काढणार आहे?