जुनी गाडी तापते तेव्हा

परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो आणि जिंतूर रोडवर जुन्या जीपचा तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. लगेच नवा रेडिएटर घेऊ नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. गरम असताना उकळतं पाणी अंगावर उसळतं. पाण्याची पातळी, झाकणाचं रबर, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट क्रमानं तपासा. जाळीतली धूळ धुऊन काढा.

उभ्या गाडीत तापतं? पंखा बघा. वेगात तापतं? रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या असतील. बोअरच्या पाण्यातला क्षार आत साचतो. सफाई करूनही फरक पडला नाही, तर रेडिएटरला नळ्यांच्या दोनऐवजी तीन रांगांचा कोअर बसवा आणि त्यात कूलंट व डिस्टिल्ड वॉटरच भरा.